बेळगाव भागातल्या कारागीर घराण्याचा माग: जनगणना, घरजागा आणि जुनी दफ्तरं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, शहापूर-वडगाव या भागातनं एकाच तऱ्हेचे प्रश्न येत राहतात. पणजोबा शिंपी होते, सोनार होते, तांबट होते, कोष्टी होते, शेत फारसं नव्हतं, एक घर आणि पुढं दुकान एवढंच, तर त्यांची माहिती कुठनं काढायची. शेतकरी घराण्याला सर्व्हे नंबर तरी असतो, कारागिराचं तसं नसतं, म्हणून हे वेगळं लिहिलंय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडं परत सांगितलं नाही, नंबर दिलाय, तो बघा.

१. १८७२ किंवा १८८१ च्या जनगणनेत पणजोबांचं नाव मिळेल का? इंग्लंडमध्ये तर मिळतं म्हणे.

नाही मिळणार. हे आधीच सांगितलेलं बरं कारण लोक वर्षभर याच्यातच घालवतात. इंग्लंडमध्ये घरोघरचे मूळ कागद जपून ठेवलेत आणि शंभर वर्षांनी लोकांना बघायला देतात. आपल्याकडं १८७२ ची पहिली मोठी मोजणी झाली, मग १७ फेब्रुवारी १८८१ ला सगळ्या देशात एकाच वेळी मोजणी झाली, पण घरोघर भरलेले कागद तक्ते तयार झाल्यावर ठेवले नाहीत. छापून राहिले ते फक्त आकडे. अमुक तालुक्यात अमुक जातीचे एवढे पुरुष, एवढ्या बायका, बस. आणि स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांचं म्हणाल तर १९४८ च्या कायद्यानं ते कागद कुणालाच बघायला मिळत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तेव्हा कोणी पैसे घेऊन "जुन्या सेन्ससमधनं नाव काढून देतो" म्हणालं तर नमस्कार करून पुढं जा.

२. मग जनगणना बघायचीच नाही का?

बघायची, पण नावासाठी नाही, दिशा कळावी म्हणून. समजा घरात सांगतात की आम्ही मूळ अथणीकडचे विणकर, तर १८८१ च्या तक्त्यांत आणि १८८४ च्या बेळगाव गॅझेटिअरमध्ये (मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकविसावा खंड) कुठल्या भागात कुठला धंदा चालायचा, मागांचं गाव कुठलं, कापड कुठल्या बाजारात जायचं, हे नीट दिलंय. त्यात कारागीर जातींची वेगवेगळी वर्णनंही आहेत, ती मात्र साहेबाच्या नजरेची आहेत हे धरून वाचायची.

दुसरा उपयोग म्हणजे खंड कुठं पडला ते कळतं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हा जिल्हा फार होरपळला, १८७२ पेक्षा १८८१ ला लोकसंख्या कमी भरली. तुमच्या घराण्याची गोष्ट "दुष्काळात आलो" अशी सुरू होत असेल तर १८८० च्या आधीचा माग दुसऱ्याच गावात शोधावा लागणार. तसंच १८९० च्या दशकाच्या शेवटी प्लेग आला, लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले, कितीतरी घरं त्यात बंद पडली.

३. बरं, मग सुरुवात कुठनं करू?

घरातनंच. सरकारी ऑफिस नंतर. ट्रंकेतली खरेदीपत्रं, गहाणखतं, घरपट्टीच्या पावत्या, कोर्टाचे समन्स, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, सगळं काढा आणि मोबाइलवर फोटो मारून ठेवा, लॅमिनेशन करू नका. म्हाताऱ्या माणसांना "पणजोबांचं नाव काय" असं विचारू नका, त्यांना ते आठवत नाही, "घर कुठल्या गल्लीत होतं, शेजारी कोण, मागं विहीर होती का, समोर देऊळ कुठलं" असं विचारा. कारण पुढचं सगळं शोधकाम नावावर चालत नाही, जागेवर चालतं. रामा आणि बाळा नावाची माणसं एका गल्लीत चार सापडतील, पण मारुतीच्या देवळाला लागून उत्तरेकडचं घर एकच असतं.

४. आमचं घर बेळगावातच आहे, तरी बेळगावच्या ऑफिसात जुनं काहीच मिळत नाही. असं कसं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात आजचं बेळगाव एका सरकारच्या ताब्यात नव्हतंच. किल्ला आणि पेठ १८१८ ला इंग्रजांकडं गेली. पण शहापूर सांगली संस्थानाचं, ते १९४८ पर्यंत तसंच होतं. माधवपूर-वडगाव कुरुंदवाडकरांकडं. कॅम्प म्हणजे कॅन्टोन्मेंट, त्याचा कारभार लष्कराकडं. म्हणजे गणपत गल्लीतला सोनार आणि शहापूरच्या सराफ गल्लीतला सोनार, दोघं चालत वीस मिनिटांवर, पण एक कंपनी सरकारचा आणि दुसरा सांगलीच्या पटवर्धनांचा. कचेरी वेगळी, कोर्ट वेगळं, कागद वेगळे. १८८१ च्या ब्रिटिश बेळगाव जिल्ह्याच्या आकड्यात शहापूर नाहीच, ते दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांच्या तक्त्यात आहे.

जिल्ह्यातही तसंच. रायबाग कोल्हापूर संस्थानात, रामदुर्ग स्वतःच संस्थान, जमखंडी-मुधोळ शेजारी. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा: १८५० ला हे गाव कुणाचं होतं? कोल्हापूरचं असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जायचं, सांगलीचं असेल तर सांगली संस्थानाच्या दफ्तराचा माग काढायचा. पेशवाईतलं म्हणजे १८१८ च्या मागचं हवं असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर, आणि इंग्रजी अमलातला मोठा पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, कारण १९५६ पर्यंत आपण मुंबईकडंच होतो. लोक आधी बेंगळुरूला धावतात, ते इथं उलटं पडतं.

आणखी एक, तालुक्यांची नावं बदललीत. जुन्या कागदात "बिडी तालुका" असेल तर तो आजचा खानापूर, "संपगाव" म्हणजे साधारण बैलहोंगल, "परसगड" म्हणजे सौंदत्ती. आणि १८३६ च्या आधी बेळगाव जिल्हाच नव्हता, सगळं धारवाडखाली, म्हणून त्या काळातलं धारवाडच्या नावाखाली शोधायचं.

५. सीटीएस उताऱ्यावर आजोबांच्या मागं नाव जातच नाही. त्याच्या मागं काय?

सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, हा त्या सर्व्हेपासून पुढचा असतो. त्यावर पहिलं नाव ज्याचं आहे तो मूळ पुरुष नव्हे, तो फक्त मोजणीच्या दिवशी घरात बसलेला माणूस. पण त्या सर्व्हेच्या वेळी दोन गोष्टी तयार झाल्या त्या लोक मागतच नाहीत. एक, चौकशीची नोंद: मालकीचा दावा कशावरनं केला, वडिलोपार्जित की खरेदी, खरेदी असेल तर कुणाकडनं. दुसरी सनद. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात अशा सर्व्हेनंतर जागेच्या धारकाला सनद द्यायची तरतूद होती. घरात जाड कागदावर नकाशा काढलेलं, सरकारी शिक्क्याचं काही असेल तर तेच ते.

म्हणून अर्ज करताना नुसतं "उतारा द्या" असं न लिहिता सीटीएस नंबर घालून चौकशी नोंदवहीची नक्कल, सनदेची ऑफिस प्रत आणि त्या गल्लीचा जुना नकाशा असं तिन्ही वेगवेगळं मागा. नकाशा का, तर जुन्या नकाशात तुमचं आणि चुलत्याचं घर एकच दिसेल, मधली भिंत नंतरची. तिथंच वाटणी कळते. वाटणी कळली की पुढं सब-रजिस्ट्रारकडं काय शोधायचं ते कळतं (७ बघा).

कॅम्पातल्या घराला हे काही लागू नाही. तिथं जनरल लँड रजिस्टर असतं, लोक जीएलआर म्हणतात, त्यात जागा कुणाची आणि ताबा कुणाचा हे वेगळं लिहिलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी जमीन सरकारचीच निघते. पलटणीबरोबर आलेले शिंपी, मोची, खानसामे यांची घराणी कॅम्पात होती, त्यांचा मूळ गाव भलतीकडंच असतो.

६. नगरपालिकेच्या घरपट्टीत काही मिळतं का?

बेळगावला नगरपालिका १८५१ ची, १८५० च्या कायद्याखाली निघालेली. घरपट्टीच्या जुन्या असेसमेंट वह्या जिथं शिल्लक आहेत तिथं सोनं आहे, कारण त्यात मालक आणि राहणारा दोन्ही नावं यायची. पण वाळवी आणि बदललेल्या इमारती यातनं जे उरलंय तेवढंच. घर नंबर दर फेरआकारणीला बदललाय हे लक्षात ठेवा, सलग वर्षांच्या दोन वह्या समोरासमोर ठेवून शेजाऱ्यांच्या क्रमावरनं जुळवायचं.

७. सब-रजिस्ट्रारकडं काय मागायचं? ईसी काढली तर काही येत नाही.

कावेरीवरची (नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरची) ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला, अलीकडच्या वर्षांपुरतीच, शंभर वर्षं मागं ती जाणार नाही. जुन्यासाठी इंडेक्स बघायचे. इंडेक्स एक नावाचा, इंडेक्स दोन मिळकतीचा. पुस्तक नंबर एकमध्ये घरजमिनीचे दस्त, त्याचा इंडेक्स कुणीही फी भरून बघू शकतो, १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ मध्ये ते स्पष्ट आहे, तुम्ही वारस असायची गरज नाही. क्लार्क "संबंध काय" विचारेल तर शांतपणे कलम दाखवा. मृत्युपत्रं पुस्तक तीनमध्ये, ती करणारा वारल्यावर त्यांचीही नक्कल मागता येते.

इथं कारागिरांच्या बाबतीत एक मोठी गोम आहे. शंभर रुपयांच्या खालच्या व्यवहाराला नोंदणीची सक्ती नव्हती. एकोणिसाव्या शतकात गल्लीतलं कौलारू मातीचं घर साठ-सत्तर रुपयांत जायचं, मग कशाला कोण स्टँपाचा खर्च करतो? म्हणून खरेदीचा दस्त मिळाला नाही म्हणजे खरेदी झाली नाही असं समजू नका. त्यामानानं गहाणखतं जास्त सापडतात, सावकार आपला कागद पक्का करून घ्यायचा. घराण्याची वाईट वेळच कागदावर जास्त येते.

८. आमच्याकडं ना शेत ना स्वतःचं घर, नुसता धंदा. मग काहीच नाही का?

आहे. १८४४ च्या आधी धंद्यावर कर होता, मोहतर्फा. मागाला इतका, दुकानाला इतका, घाण्याला इतका. त्या वसुलीच्या याद्यांत नावनिशी कारागीर येतात, कधी कधी माग किती तेही. मुंबई इलाख्यात १८४४ च्या कायद्यानं हा कर उठला आणि कारागीर दफ्तरातनं एकदम गायब झाला. म्हणजे गंमत बघा, कर होता तोवर आपला माणूस दिसतो. तसल्याच उपयोगाची पेशवाईतली खानेसुमारी, गावातली घरं आणि धंदे मोजलेली. दोन्ही बहुतेक मोडीत (१० बघा).

गावकामगार कारागीर असेल, सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, तर बलुतं आलं, आपल्याकडं त्यालाच आय म्हणायचे. काहींना सेवेबद्दल इनामाचा तुकडा असायचा. इनामांची चौकशी १८५२ च्या कायद्यानं झाली, त्यात "हे कुणी दिलं, किती पिढ्या खाताय" असं विचारून वंशावळी लिहून घेतल्यात. सुताराचा दोन एकरांचा तुकडा आणि त्याच्यापायी पाच पिढ्यांची नावं, असं घडू शकतं. बघाच.

९. थोडं शेत होतं. त्याची नोंद किती मागं जाते?

आरटीसीवर, म्हणजे कर्नाटकातल्या सातबारावर, भूमी या संगणकीकरणाच्या आधीचं नाही. त्याआधीचे हातानं लिहिलेले उतारे, म्हणजे पहाण्या, तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्याच्या आधी फेरफाराची वही शोधू नका, ती नव्हतीच. १९०३ च्या मागं मूळ सर्व्हेचे कागद: आकारबंद, टिपण, प्रतिबुक, गावनकाशा. वारसाची नोंद त्यात नसते, पण खातेदाराचं नाव असतं.

१०. कागद मोडीत आहेत, काही कन्नडमध्ये. कुठली भाषा शिकू?

दोन्ही थोडी थोडी. संस्थानी गावांचे आणि सावकारी कागद मोडीत, ब्रिटिश जिल्ह्यातले कन्नडमध्येही आणि मोडीतही, गावागणिक वेगळं. कन्नड इंडेक्समध्ये शोधताना धंद्याचं कन्नड नाव माहीत पाहिजे: सुतार तिथं बडिगेर, लोहार कम्मार, सोनार पत्तार किंवा अक्कसाळी, शिंपी चिप्पिगेर, कोष्टी नेकार. तोच माणूस १८६५ च्या मोडी गहाणखतात सुतार आणि पुढं पहाणीत बडिगेर झालेला असतो, त्यावरनं घराणं वेगळं समजू नये. भाषावादाची भांडणं यात आणू नका, त्या काळचा कारकून जी लिपी शिकला होता तीत लिहून मोकळा झाला.

मोडी शिकायला अक्षरओळख महिन्यादोन महिन्यांत होते, खरा त्रास एकेका कारकुनाच्या हाताचा आणि ठराविक संक्षेपांचा असतो. पैसे देऊन वाचून घेत असाल तर पूर्ण लिप्यंतर मागा, नुसता सारांश घेऊ नका. सारांशात शेजाऱ्यांची नावं गळतात, आणि तीच तर आपल्याला हवी असतात.

११. कागदावर "तिसा खमसैन मयातैन व अलफ" असं लिहिलंय. हे कुठलं वर्ष?

हा सुहूर सन, अरबी अंकांत, मागनं पुढं वाचायचा. तिसा नऊ, खमसैन पन्नास, मयातैन दोनशे, अलफ हजार, म्हणजे १२५९. त्यात ५९९ मिळवा, १८५८. वर्ष मृगात सुरू होतं, म्हणून जानेवारी ते जून सुरुवातीपर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवून १८५९. आपल्याकडच्या फसलीत ५९० मिळवा, इंग्रजी वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांना ५९१. शक्यात ७८, आणि चैत्राआधीच्या महिन्यांना ७९. एकाच कागदावर शके १७८०, फसली १२६८ आणि हा सुहूर सन तिन्ही असतील तर तिन्ही ताडून बघा, जुळले नाहीत तर वाचण्यात गडबड आहे.

१२. आडनावच नाही. "रामा बिन बाळा शिंपी" एवढंच आहे.

तसंच असायचं. बिन म्हणजे मुलगा, कोम किंवा भ्रतार आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. आजचं आडनाव, विशेषतः "-कर"वालं, पुष्कळदा शाळेत नाव घालताना किंवा गाव सोडल्यावर चिकटलेलं. नंदगडकर आडनावाची माणसं नंदगडात असताना नंदगडकर नव्हती, हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. शोध त्यामुळं नाव, बापाचं नाव आणि धंदा या तिघांवर. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यानं रामा बिन बाळा आणि बाळा बिन रामा आलटून पालटून येतात. पन्नास वर्षांच्या अंतरानं दोन "रामा बिन बाळा" आले तर ते आजोबा-नातू धरा, एकच माणूस नव्हे.

१३. चार भाऊ होते, उताऱ्यावर थोरल्याचंच नाव आहे. बाकीचे कुठं गेले?

बाकीचे घरातच होते. एकत्र कुटुंब असलं की मॅनेजर म्हणून एकाचं नाव लागायचं, कागदात "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.क." अशी खूण दिसते. धाकट्यांची नावं वाटणीपत्रात किंवा वाटणीच्या दाव्यात येतात. कारागीर घरात वाटणी फार वेळा तोंडी व्हायची, हत्यारं, ऐरण, माग वाटून घेतले की झालं. भांडण कोर्टात गेलं असेल तर तुमचं नशीब समजा, दिवाणी दाव्यात वादी पहिल्याच पानावर वंशावळ जोडतो. फक्त ती एका बाजूनं आपल्या सोयीची लिहिलेली असते, प्रतिवादीचा जबाबही काढा.

१४. बायकांची नावं कुठं मिळतात?

विधवा झाली की कागदात येते, त्याआधी क्वचित. वारस नोंद, पोटगीचा करार, अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून ("अ.पा.क." अशी खूण), आणि दत्तकपत्र. दत्तकपत्र मिळालं तर जपून वाचा, कारण तिथं रक्ताची वंशावळ एका घरात आणि मिळकतीची दुसऱ्या घरात जाते. दोन्ही ओळी वेगळ्या रंगानं काढा.

१५. आमचं मूळ गाव चंदगड तालुक्यात. ते महाराष्ट्रात आहे ना?

आज कोल्हापूर जिल्ह्यात, पण १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. म्हणून १९५६ च्या आधीचं बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडं विचारा. एका ऑफिसनं "आमच्याकडं नाही" म्हटलं की ते लेखी घ्या, दुसऱ्या ऑफिसात ते पत्र लावलं की काम हलतं. महाराष्ट्राच्या बाजूला गावचं जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर, लोक कोतवाल बुक म्हणतात, तेही मागा.

१६. हेळवा किंवा तीर्थावरचे उपाध्ये यांच्या वह्यांवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण आंधळा नको. हेळवे सुगीनंतर दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतात, आपल्या भागात लिंगायतांबरोबर काही कारागीर घराण्यांचेही हेळवे आहेत. पंढरपूर, नाशिक, गोकर्णच्या वह्यांत यात्रेला गेलेल्याची स्वतःची नोंद असते. नावांचा क्रम यांच्याकडनं घ्यावा, साल मात्र कागदावरनं ठरवावं.

१७. अर्ज मराठीत चालतो का?

काही टेबलांवर चालतो, काहींवर नाही. काम व्हायचं असेल तर कन्नडमध्ये एक पानी अर्ज द्या आणि सोबत मराठी प्रत लावा, गाव, जुना तालुका, सीटीएस किंवा सर्व्हे नंबर आणि अंदाजे साल घालून. पोच घ्या. तहसीलदार कचेऱ्यांतलं जुनं रेकॉर्ड स्कॅन करायचं भू-सुरक्षा काम २०२४ पासून सुरू झालंय, तेव्हा "वही फाटलीय, देता येत नाही" असं आधी सांगितलं असेल तर आता परत विचारा.

१८. पणजोबांचं घर सापडलं, आता दुसऱ्याच्या नावावर आहे. हक्क सांगता येईल का?

हा वकिलाचा प्रश्न. एवढंच सांगतो, जुना कागद सापडणं आणि हक्क शिल्लक असणं या दोन गोष्टी वेगळ्या, मुदतीचा कायदा मध्ये बसलेला असतो. आणि आजच्या मालकाच्या दारात "हे आमचं" म्हणत जाऊ नका, तुम्हाला त्यांच्याकडचे जुने कागद बघायचेत ना? चहा प्या, फोटो काढू देतात का विचारा.

१९. तीन पिढ्या भाड्यानं राहिलो. मग मिळकतीच्या कागदात आम्ही असूच कसे?

शेजाऱ्याच्या कागदात असता. प्रत्येक खरेदीखतात, गहाणखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, "पूर्वेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस अमुक शिंप्याचं घर" अशा. तिथं मालकाऐवजी राहणाऱ्याचंच नाव पुष्कळदा पडतं, कारण गल्लीत ते घर त्याच्याच नावानं ओळखायचे. तेव्हा आपल्या नावाचा इंडेक्स रिकामा निघाला की आजूबाजूच्या चार घरांचे दस्त काढा, दर दस्ताचं साल आणि सीमेतलं नाव एका कागदावर उतरवा. रामा शिंपी १८७१ मध्ये दक्षिणेला, १८८९ मध्ये बाळा शिंपी त्याच जागी, असं आलं की बाप-लेक असावेत असा अंदाज बांधता येतो, पक्कं करायला साक्षीदारांच्या सह्या बघायच्या, कारागीर एकमेकांच्या कागदावर साक्षीला जायचे आणि सही करताना बापाचं नाव घालायचे.